म्हातारी जित्राबं : गोठ्यातलं औषध आणि वैलातलं मांजर

राधानगरी तालुक्यात ‘जनावराला बरं नाही’ असं कुणी म्हणालं, की ऐकणारा म्हैस धरूनच चालतो. फार तर बैल. मांजराच्या बाबतीत असं कुणी म्हणत नाही. ‘दोन दिस दिसलं न्हाई कुठं’ एवढ्यावर विषय संपतो. कुत्र्याचं थोडं बरं. ते राखणीचं, त्यामुळे भुंकायचं थांबलं तर निदान रात्री लक्षात येतं. इथे दुधाची मोजदाद लिटरवर आणि फॅटवर होते, आणि ज्याची मोजदाद होते त्याच्याच तब्येतीची चौकशी होते. यात कुणाला नावं ठेवायची नाहीत. भात, नाचणी आणि पाण्याची सोय असेल तिथे ऊस, एवढ्यावर चालणाऱ्या डोंगरकडेच्या घराला दुधाचं बिल हाच हातात येणारा पैसा असतो. १९६३ मध्ये जिल्ह्याचा दूध संघ स्थापन झाला आणि पुढे म्हशीभोवती एक अख्खी व्यवस्था वाढत गेली : गावोगावच्या संस्था, डॉक्टर, लसी, पेंड, विमा. म्हैस आजारी पडली तर कुणाला फोन करायचा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

ही पुस्तिका त्या व्यवस्थेबाहेर राहिलेल्यांसाठी आहे. सोप्यात दिवसभर पडून असलेलं बारा वर्षांचं कुत्रं, माळ्यावर चढायचं सोडलेली मांजरी, कामातून गेलेला पण अजून दाव्याला असलेला बैल, अंडी बंद होऊनही सुरीखाली न गेलेली कोंबडी. त्यांना म्हातारपणी नेमकं काय होतं, घरच्या घरी काय करता येतं, झाडपाल्याचा कुठे खरा उपयोग आहे आणि कुठे तोच जिवावर बेततो, एवढंच इथे सांगायचं आहे. सगळ्यांत जास्त पानं मांजराला दिली आहेत. त्याचं कारण पुढे येईल.

पूर्वी म्हातारं मांजर दिसायचंच कमी. लहानपणीच्या साथी, बोक्यांच्या मारामाऱ्या, उंदराचं विष खाल्लेला उंदीर आणि जंगलाला लागून घर असेल तर बिबट्या. यातून वाचून मांजर दहा वर्षांचं होणं म्हणजे नशिबाची गोष्ट होती. आता नसबंदी होते, लसी मिळतात, मांजर घरात झोपतं. मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या घरांत तर ते आजी-आजोबांच्या सोबतीलाच असतं. मांजराच्या वयाचा हिशेब पशुवैद्य साधारण असा मांडतात : पहिलं वर्ष माणसाच्या पंधरा वर्षांइतकं, दुसऱ्या वर्षाअखेरीस चोवीस, पुढे दर वर्षाला चार. म्हणजे दहा वर्षांची मांजरी छप्पन्न वर्षांची आणि पंधराची झाली तर शहात्तर. हा हिशेब काटेकोर नाही, पण त्यामुळे एक गोष्ट डोक्यात बसते. सहा महिन्यांपूर्वी तपासलेलं म्हातारं मांजर म्हणजे दोन वर्षांपूर्वी तपासलेली आजी.

बैलाचं म्हातारपण वेगळ्या वाटेनं घरात आलं. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टरनं त्याचं काम घेतलं. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा आला आणि गायीबरोबर बैल व वळूही त्याखाली आले. थकलेला बैल बाजारात नेऊन सुटका करून घ्यायची वाट त्यामुळे बंद झाली. कायदा योग्य की अयोग्य, हा वाद या पुस्तिकेचा नाही. पण आषाढात बेंदराला शिंगं रंगवून मिरवलेला आणि वर्षाचे उरलेले दिवस गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात उभा असलेला बैल आपल्या तालुक्यात जागोजाग आहे. त्याच्या गुडघ्यांचं काय करायचं, हा प्रश्न कायद्यानं सुटत नाही.

आता झाडपाल्याकडे येऊ. राधानगरीला त्याची उणीव नाही. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८ पासूनचं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात राधानगरीही आहे. हिरडा, बेहडा, शिकेकाई, वावडिंग, गुळवेल, अडुळसा ही नावं इथे पुस्तकातून शिकावी लागत नाहीत. धनगरवाड्यावरचा म्हातारा अजूनही पाल्याच्या वासावरून झाड सांगतो. पण हे सगळं शहाणपण कुठे तयार झालं, ते नीट बघायला हवं. ते गोठ्यात तयार झालं. म्हशीची दगडी, बैलाचा मुरगळलेला खांदा, वासराचे जंत, पोटफुगी, गोचीड. शेकडो वर्षं लोकांनी पाहिलं, चुकलं ते टाकलं, जमलं ते ठेवलं.

आणि त्यातलं बरंच टिकण्यासारखं निघालं. दगडी म्हणजे कासदाह. त्यावर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून केलेला तांबूस लेप आता राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ देशभरातल्या दूध संघांना शिकवतं. धुतलेल्या कासेवर तो दिवसातून अनेकदा लावायचा. लेप लावून म्हैस बरी झाली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन वाचतं आणि ते दुधातही उतरत नाही. लम्पीच्या साथीत विड्याची पानं, मिरे, मीठ आणि गूळ यांचं चाटणही असंच घरोघर पोचलं. त्याहीआधी पुण्याच्या ‘अंथ्रा’ संस्थेत डॉ. नित्या घोटगे, डॉ. सागरी रामदास या महिला पशुवैद्यांनी महाराष्ट्रात आणि आंध्रात पशुपालकांकडची, विशेषतः बायकांकडची ही माहिती गोळा केली. नुसती टिपून न ठेवता ती तपासूनही पाहिली. झाडपाल्याला हसणाऱ्यांनी हे काम बघावं. झाडपाल्याला देव मानणाऱ्यांनीही बघावं, कारण तपासल्यावर गळून पडलेलंही पुष्कळ असतं.

म्हाताऱ्या बैलाच्या गुडघ्यासाठी आपल्याकडे निर्गुडीचा शेक देतात. तो कसा देतात, ते सविस्तर सांगतो, कारण घाईत दिलेला शेक म्हणजे भाजणं. निर्गुडीचा कोवळा पाला ओंजळ-दोन ओंजळी घ्यायचा, देठं काढायची. लोखंडी तव्यावर मंद आचेवर तो मऊ पडून वास सुटेपर्यंत परतायचा, काळा होऊ द्यायचा नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची. आधी ती आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरायची. तिथे दहा आकडे मोजेपर्यंत सोसली तरच बैलाला लावायची. सांध्यावर दाबायची नाही, टेकवत टेकवत फिरवायची. पाव तास पुरे. बैल पाय उचलून घेत असेल तर थांबायचं. शेक झाल्यावर वाऱ्यावर उभं करायचं नाही, खाली कोरडा पेंढा घालायचा. यात गुण निर्गुडीचा किती आणि उबेचा किती, असं कुणी विचारलं तर माझं मत उबेला. दुसरा वाटा त्या पाव तासाचा. वर्षभरात त्या गुडघ्याकडे कुणी इतकं टक लावून बघितलेलं नसतं. सूज कुठे आहे, खूर कुठे वाढलंय, हे तेव्हाच दिसतं. वाढलेलं खूर साळून घेतलं तर अर्धी लंगड तिथेच जाते.

हेच सगळं उचलून मांजराला लावायला गेलं की घात होतो.

म्हशीचं पहिलं पोट शंभर लिटरहून मोठं असतं. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राबत असतात. पाल्यातली कितीतरी द्रव्यं रक्तात जाण्याआधीच ते मोडून टाकतात. शिवाय पाला खाणं हाच तिचा लाखो वर्षांचा धंदा, तेव्हा पाल्यातलं विष पचवायची सोय तिच्या यकृतातही आहे. मांजर तीन-चार किलोचं आणि पक्कं मांसाहारी. त्याच्या पूर्वजांनी पाला खाल्लाच नाही. पुष्कळ द्रव्यांना एक साखरेसारखं आम्ल जोडून ती लघवीवाटे बाहेर घालवण्याची क्रिया आपल्या यकृतात सहज होते. मांजराच्या यकृतात ती फार तोकडी पडते. त्यासाठी लागणारं एक जनुक संपूर्ण मांजरकुळातच निकामी झालेलं आहे. दाजीपूरच्या रानातल्या बिबट्यातही ते तसंच आहे. त्याला काही अडत नाही, कारण बिबट्याला कुणी काढा पाजत नाही.

म्हणून माणसाची तापाची साधी पाचशेची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त ऑक्सिजन वाहायचं सोडतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. निलगिरीचं तेल, कापूर, वेदना घालवणारे मलम, सुगंधी तेलांचे दिवे हे सगळं ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, आणि म्हाताऱ्या मांजरासाठी हे सगळं धोक्याचं आहे. त्यात मांजराची एक सवय घातक ठरते. अंगाला लावलेलं ते चाटून टाकतं. म्हणजे मांजराच्या बाबतीत वरून लावायचं औषध असं काही नसतंच. जे लावलं ते पोटात गेलं. गोठ्यात गोचिडासाठी फवारा मारला आणि मांजर त्याच पेंढ्यावर जाऊन झोपलं, तर त्याला झटके येऊ शकतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडाच्या थेंबांत पर्मेथ्रिन असेल, तर तेही मांजराला प्राणघातक आहे. खरजेसाठी जळकं ऑइल किंवा रॉकेल चोपडायची पद्धत अजून गेलेली नाही. कुत्र्याचीही त्यानं कातडी भाजते, मांजराचा तर विचारच नको.

स्वयंपाकघराचं काय? कोल्हापूरच्या चुलीवर कांदा-लसूण चटणीशिवाय काही शिजत नाही, आणि मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडायला कांदा आणि लसूण पुरेसे आहेत. ताजा, वाळवलेला, तळलेला, कशाही रूपात. रविवारी मटणाच्या रश्शात बुडालेलं हाड मांजराला टाकणं हे आपल्याकडे मायेचं लक्षण आहे. माया करायची तर फोडणीला टाकण्याआधीचा तुकडा बाजूला काढावा. कुत्र्यालाही कांदा-लसूण वाईटच, आणि त्याला आणखी एक धोका : द्राक्षं, मनुका. त्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात हे आधीपासून माहीत होतं. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, हे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी पुढे आणलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंचेच्या कोळाची आमटी कालवून कुत्र्याला भाकरी घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वनस्पती सौम्य असतात हा समज कुठून आला, देव जाणे. राधानगरीकरांना तरी तो नसावा. नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. ते झाड का तोडतात? त्यात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. पेशी मारणारं द्रव्य आहे ते. पावसाळ्यात कुंपणावर फुलणारी देखणी कळलावी, दारची कण्हेर, बांधावरची रुई ही सगळी आपल्याच मातीतली आणि सगळीच विषारी. शहरातल्या पुष्पगुच्छातली लिली तर अशी, की तिचे पराग मांजराच्या अंगावर पडले आणि त्यानं ते चाटले तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं जातात.

आपल्या जुन्या ग्रंथांत प्राण्यांचं वैद्यक आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हत्तींचा, शालिहोत्राची परंपरा घोड्यांची. राधानगरीत शाहू महाराजांच्या काळचा हत्तीमहाल आहे. त्या हत्तींच्या दिमतीला माहूत होते, वैद्य होते, शास्त्र होतं. राजाच्या जनावरांना ग्रंथ मिळाले, कुणब्याच्या जनावरांना झाडपाला मिळाला, आणि मांजराला मिळाला तो चुलीचा वैल. तेव्हा ‘आयुर्वेदात मांजरासाठी अमुक सांगितलंय’ असं सांगून कुणी पुडी विकत असेल, तर त्याला श्लोक विचारावा. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी अपाय होत नाही, उपायही होत नाही. वाया जातात ते दिवस, आणि म्हाताऱ्या जनावराकडे दिवसच कमी असतात.

मग मांजराची नैसर्गिक निगा म्हणजे काय? ऊब, पाणी, जमीन, अन्न आणि नजर. यांतली एकही गोष्ट बाटलीत मिळत नाही.

उबेपासून सुरुवात करू. आपल्याकडचा पाऊस मी वाचकांना सांगायला नको. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की जिल्हाभर बातमी होते, पण त्याआधीचे दीड-दोन महिने घरातली गादीसुद्धा ओली लागते. म्हातारं मांजर सुकलेलं असतं, त्याच्या अंगावर चरबी नसते. ते ऊब शोधत चुलीत जातं. रात्री निवलेल्या वैलात, राखेत अंग मुडपून ते झोपतं, आणि त्याला ऐकू कमी येत असतं. पहाटे अंधारात चूल पेटवणाऱ्या बाईनं आधी वैलात हात घालून बघावं. भाजलेली मांजरं दवाखान्यात येतात ती बहुधा अशीच. त्यापेक्षा चुलीपासून हातभर अंतरावर खोक्यात घोंगडीचा तुकडा घालून द्यावा. फार गारठा असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. म्हाताऱ्या मांजरासाठी सांध्यांवरचा पहिला उपचार हाच आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांची क्ष-किरण चित्रं तपासली होती. नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज सापडली. आपल्याला ती दिसत नाही, कारण मांजर कुत्र्यासारखं लंगडत नाही. ते फक्त उडी मारायचं सोडतं. ‘आता शांत झालंय’ असं आपण म्हणतो तेव्हा ते बऱ्याचदा दुखण्यानं गप्प झालेलं असतं.

जमिनीचंही तसंच. शेणानं सारवलेली जमीन म्हाताऱ्या पायांना धरून ठेवते. नव्या घरांतल्या गुळगुळीत फरश्या म्हणजे कुत्र्या-मांजरांना रोजची घसरण. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत गोणपाट अंथरावं, काम भागतं. पावसात मांजर बाहेर जायला कंटाळतं आणि लघवी तुंबवून ठेवतं. त्याच्यासाठी आतच कमी उंचीच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये राख किंवा भाताचं तूस घालून ठेवावं. तूस आपल्याकडे फुकट मिळतं आणि ओलं झालं की उकिरड्यात जातं. बोका पुन्हापुन्हा बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर मात्र कोणताही काढा नको. मूत्रमार्ग बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. तो त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला पाहिजे.

पाण्याबद्दल थोडं अधिक. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले; शिकारीच्या मांसातूनच त्यांना पाणी मिळायचं. त्यामुळे त्याला तहान कमी आणि लघवी दाट. म्हातारपणी हीच मूत्रपिंडं आधी थकतात. पंधराच्या पुढच्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार अगदी नेहमीचा. त्याचं कळणं उशिराचं, कारण दोन तृतीयांश काम थांबेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. नंतर मांजर खूप पाणी प्यायला लागतं, खूप लघवी करतं, केस राठ होतात, पाठीचा कणा हाताला लागतो. घरचे म्हणतात, ऊन बाधलं. मग कुणीतरी मूत्रविकारावरचं म्हणून गोखरू नाही तर पुनर्नवा सुचवतं. या दोन्हींची ख्याती लघवी वाढवण्याची आहे, आणि या मांजराचं तर पाणी आधीच वाहून चाललेलं असतं. त्याला द्यायचं ते पाणी. घरात तीन-चार ठिकाणी पसरट मातीच्या भांड्यांत ठेवायचं, जेवणाच्या ताटलीपासून लांब. बिनमिठाचं मासे उकडलेलं पाणी अन्नात मिसळायचं. आजार वाढला तर कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. डॉक्टरनं एकदा हात धरून शिकवलं की ते घरीही देता येतं. फोंडा घाटातून वर येणारं सुकट आणि बोंबील मांजराला जीव की प्राण असतात, पण ते मिठात मुरलेले. म्हाताऱ्या मांजराला ते घालायचेच असतील तर रात्रभर भिजवून, पाणी ओतून देऊन, आणि तेही चवीपुरते.

दूधभातावर मांजर जगतं, हा आपला आणखी एक समज. ते जगतं उंदरांवर, दूधभात वरकड. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं आणि ते फक्त मांसातून, माशांतून मिळतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातले पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, आणि वेळेत टॉरिन दिलं तर ते सावरूही शकतं. त्यानंतर जगभरच्या कारखान्यांनी मांजराच्या खाद्यात ते वाढवलं. आपली मांजरी जोवर उंदीर मारते तोवर तिचं तिला मिळतं. ती म्हातारी झाली, दात गेले, शिकार थांबली, की नेमका तेव्हाच तिच्या ताटलीत निव्वळ दूधभात येतो. मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, त्यांना ढाळ लागते. अंडं, कोंबडीची काळीज-पेटी, काटे काढलेला मासा थोड्या पाण्यात शिजवून त्या पाण्यासकट द्यावा. टॉरिन त्या पाण्यातच उतरलेलं असतं. घरातल्या शाकाहाराचा आग्रह मांजरावर लादू नये. कुत्रं त्यात कसंबसं निभावतं, मांजर निभावू शकत नाही.

नजरेसाठी साधन एकच सांगतो : वजन. भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा घ्या, मांजर बाजाराच्या पिशवीत घाला, उचला. मान तेवढी बाहेर काढू द्या. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. चार किलोचं मांजर साडेतीनवर आलं तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण त्याचा आठवा हिस्सा गेलेला असतो. हावऱ्यासारखं खाऊनही वाळत असेल तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाढलेली असू शकते किंवा मधुमेह. दोन्हींवर औषधं आहेत आणि दोन्ही झाडपाल्याचे आजार नव्हेत. वजन करताना नखंही बघावीत. म्हातारं मांजर लाकडावर नखं घासत नाही. ती गोल वाढत तळव्यात रुततात, आणि मग पाय टेकवत नाही म्हणून आपण सांध्याला दोष देतो.

कुत्र्यासाठी वेगळं प्रकरण आहे, इथे दोनच गोष्टी. डोळे निळसर दिसले म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. वयानं भिंग घट्ट होतं, दिसत राहतं. त्यात मध किंवा कसला रस पिळू नये. नसबंदी न केलेली म्हातारी कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, सुस्त पडली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. आणि जंगलाकडेच्या वाड्यांवरच्या लोकांना एक विनंती. ऐकू न येणारं म्हातारं कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधू नका. ती राखण नव्हे, बिबट्याला केलेलं आवतण आहे. पोपटाबद्दल विचारणारेही भेटतात. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे या पुस्तिकेत तो नाही.

वेदनाशामकांबद्दल लिहिताना गिधाडांची आठवण काढावीच लागते. म्हाताऱ्या जनावराच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास टोचलं जायचं. ते जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. हे कारण उघड होईपर्यंत देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे. बैलासाठी वेदनाशामक घेताना चिठ्ठीवर नाव बघून घ्या. मांजराला मात्र मेलॉक्सिकॅमसुद्धा डॉक्टरनं सांगितलेल्या मात्रेपलीकडे एक थेंब नको.

शेवटचा भाग दयामरणावर आहे. काहींना तो या पुस्तिकेत नको होता. मला वाटतं, तो टाळला तर बाकीच्या पानांना अर्थ नाही. जनावर खात नाही, उठत नाही, स्वतःच्या घाणीत पडून आहे आणि औषधानं दुखणं थांबत नाही, तेव्हा ‘त्याचं त्याला जाऊ दे’ म्हणणं ही निसर्गावर ढकललेली आपली जबाबदारी आहे. डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर देह खोल पुरावा, उघड्यावर टाकू नये. त्या औषधाचा अंश देहात राहतो आणि कावळ्या-कुत्र्यांनाही मारतो.

ही पुस्तिका डॉक्टरच्या जागी नाही. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. रक्त तपासायचं तर बहुधा पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर गाठावं लागतं, आणि मांजरासाठी एसटीत बसून कोल्हापूरला जाणाऱ्याला गावात हसतात, हेही मला ठाऊक आहे. हसू द्या. पुस्तिकेची शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत. आपल्या जनावराचं अंदाजे वय, दर महिन्याचं वजन, पाणी किती पितं आणि आजवर कोणता पाला, कोणती गोळी, कोणता लेप दिला, ते त्यावर लिहा. दवाखान्यात जाताना ती पानं बरोबर न्या, आणि डॉक्टरपासून झाडपाला लपवू नका.